लूसियनची अर्चिनशी सोयरीक

लूसियन थिबोडोला हातमोज्यांचा मनस्वी तिटकारा. "ते घातले की बोटं बहिरी होतात," म्हणायचा आणि उघड्या हातांनीच अर्चिन फोडायचा. अर्चिन म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या मेनच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटून बसणारा काटेरी गोळा. लूसियनचे वडील पाण्यात बुड्या मारून हेच गोळे काढायचे आणि विकायचे; हा आमच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत त्याच गोळ्यांचा डीएनए काढायचा. पोरगं वाया गेलं, असं वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्या हातून घोळ होईल, त्याने शुक्रवारी सगळ्यांसाठी बटाटा घालून केलेले, साखर लावलेले डोनट आणायचे. मी किती वेळा आणले ते विचारूच नका. लूसियनने? एकदाही नाही. वर आमचेच हादडत, मिशीला साखर माखून विचारायचा, "काय डेल्फीन, आज कुणाच्या कृपेने?" असा संताप यायचा!

त्याला वेड एकाच गोष्टीचं. आपल्या पेशींवर रखवालदार असतात, रिसेप्टर. त्यांचा जंतू ओळखणारा बाहेरचा भाग प्राण्याप्राण्यांत खूप बदलत गेला. पण आत 'चोर आला रे' अशी वर्दी देणारा जो तुकडा आहे, ज्याला आम्ही टीआयआर डोमेन म्हणतो, तो माशीत, माणसात, अर्चिनमध्येसुद्धा ओळख पटण्याइतका टिकला. सगळाच्या सगळा नव्हे हं, मोक्याच्या जागा तेवढ्या. लूसियनने त्या टिकलेल्या जागांच्या मापाचा, जुळणारा तुकडा पकडून आणणारा एक गळ तयार केला आणि आमच्या खाडीतल्या अर्चिनच्या डीएनएत सोडला.

मार्चमध्ये एका सकाळी स्वारी नाचतच आली. हातात कागदाची लांबलचक पट्टी. वरच्या ओळीत 'माणूस', खालच्या ओळीत 'अर्चिन', अक्षराखाली अक्षर, रंगीत पेन्सिलींनी रंगवलेलं. वरचं आणि खालचं सगळं सारखं.

"पन्नास कोटी वर्षं गेली मधे, डेल्फीन! आणि एका अक्षराचा फरक नाही! आपण ह्याला चुलत-चुलत समजत होतो, हा तर सख्खा भाऊ निघाला!"

आमची प्रमुख कोरीन, त्याच्या मुलीच्या वयाची. तीही हरखली. "लूसियन, ह्यावर शोधलेख लिहू, पहिलं नाव तुमचं," म्हणाली. उभ्या नोकरीत त्याचं नाव कधी पहिलं आलं नव्हतं, आणि सप्टेंबरात तो निवृत्त होणार होता. त्याच्या बायकोने, इव्हेटने, लेखाचं पहिलं पान लावायला चौकट आणून स्वयंपाकघरात टांगूनही टाकली. रिकामीच.

मी ती पट्टी जेवणाच्या सुट्टीत सहज वाचायला घेतली आणि डबा बाजूला सारला. डीएनएत काही अक्षरं अशी असतात की बदलली तरी कुणाचं काही बिघडत नाही. इतक्या काळात ती बदलायलाच हवीत. इथे तीसुद्धा जशीच्या तशी! म्हणजे हे अर्चिनचं नव्हतंच, माणसाचं होतं. आणि डोनट खात, उघड्या हातांनी त्या टेबलावर काम करणारा माणूस आमच्याकडे एकच.

लेख पुढच्या शुक्रवारी छापायला पाठवायचा होता. मला रात्रंदिवस ती रिकामी चौकट दिसायची. शेवटी धीर करून म्हटलं, "लूसियन, एकदा हातमोजे घालून परत करून बघ ना रे."

"का? माझ्या बोटांवर संशय?"

"बोटांवर नाही, साखरेवर."

तो खो-खो हसला. मग हसू थांबलं. पट्टी घेऊन खिडकीशी गेला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागला. मी माझ्या कामाला लागले.

शुक्रवारी सकाळी दार ढकलून आला तो दोन्ही हातांत डोनटचं खोकं घेऊन. हातांवर निळे हातमोजे चढवलेले.

"कोरीन, लेख पाठवू नकोस," तो म्हणाला. "माझ्या थुंकीतल्या डीएनएशी ताडून पाहिलं. गळाला मीच लागलोय."

"आणि हातमोजे घालून केलं ते?" कोरीनने विचारलं.

"त्यात काहीच लागलं नाही."

कुणी खोक्याला हात लावेना. इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होते तो समोर उभा होता, आणि त्याचा तो प्रश्न मला त्यालाच विचारवत नव्हता. त्यालाच माझी दया आली असावी.

"विचार ना गं," तो म्हणाला. "तुझा मेलीचा जीव त्यासाठी केव्हाचा अडकलाय."

"आज कुणाच्या कृपेने, लूसियन?" मी विचारलं आणि रडायलाच लागले. मेल्याने माझ्याच हातात पहिला डोनट ठेवला.

पुढच्या शनिवारी, आमच्या भागातल्या रिवाजाप्रमाणे, मी लूसियन आणि इव्हेटकडे घेवड्याच्या जेवणाला गेले होते. स्वयंपाकघरातली चौकट आता रिकामी नव्हती. त्यात तीच रंगीत पट्टी होती. वर 'माणूस'. खालचं 'अर्चिन' खोडून त्याने लिहिलं होतं 'लूसियन'. त्याच्याखाली 'अर्चिन' असं लिहून एक कोरी ओळ सोडली होती.

"ही कधी भरणार?" मी विचारलं.

"सप्टेंबरपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला. इव्हेट पोळत्या भांड्यातून घेवडा वाढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हातमोजे मी त्याच्या डब्यातच ठेवते."