दुसऱ्याच्या जोडावर माझा नंबर

"इधर तुम्हारा नंबर डालो," साहेब म्हणाला आणि मार्कर माझ्या छातीवर फेकला. पंधराएक माणसं बघत होती. मार्कर वाळूत पडला. मी वाकून उचलला.

वाकलो, हे आधीच सांगून टाकतो.

साहेब पुण्याचा, मराठी. सौदीतल्या रास तनुराजवळच्या कॅम्पात मी वेल्डर म्हणून आलो तेव्हा पहिल्या दिवशी छान मराठीत बोलला. गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव कळलं, त्या मिनिटापासून माझ्याशी हिंदी. बाकीच्या कोकणातल्यांशी मराठी, माझ्याशी हिंदी. जात माझ्याच विमानात बसून आली होती म्हणायची.

आमच्या कामात पाइपचा जोड मारला की शेजारी आपला नंबर लिहायचा. नंतर जोडाचा एक्स-रे काढतात. तीन फेल गेले की वेल्डरचा हेल्पर होतो. साहेबाचा मेव्हणाही वेल्डर. वेल्डर कसला, शेंबूड पुसायची अक्कल नव्हती. त्याचे दोन फेल जोड माझ्या नावावर गेले होते. नंबर मीच लिहिले, माझ्या हातानं. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, इकामा म्हणजे राहायचा परवाना त्यांच्या मर्जीवर, गेटला वॉचमन. जाणार कुठे? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर संन्याशानंच वळलेला.

हा तिसरा. जोडातली भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. असला जोड मी शिकाऊ असतानाही मारला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"जल्दी. तुम लोगों को एक बार में समझता नहीं?"

मी मेव्हण्याचा नंबर लिहिला. मोठा, लांबून वाचता येईल असा. आणि मराठीत म्हणालो, "साहेब, ज्याचा जोड त्याचा नंबर. आधीचे दोन पण त्याचेच. एक्स-रेवाल्याला सांगणार आहे मी."

मेव्हणा बुटांकडे बघत राहिला.

संध्याकाळी एक्स-रेवाल्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, वहीत काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला हेल्पर केलं. कराराचं उरलेलं दीड वर्ष उन्हात गंज घासला. रडलोही, खोटं कशाला बोलू.

पण एक कळलं. कैदी त्यांनी केलं होतं, गुन्हा मात्र मी कबूल करत होतो. ते आता खलास. पुन्हा कुठल्या कॅम्पात डांबा, हातात झाडू द्या, दुसऱ्याच्या घाणीवर मी माझा नंबर लिहिणार नाही. आणि कुणी लिहिला, तर तिथेच, सगळ्यांसमोर, ग्रायंडर लावून खरवडून काढीन.