जोतीरामानं गोळी मुशीत घातली

जोतीराम माझा सख्खा धाकटा भाऊ. विट्याच्या बाजूनं गलाईला, म्हंजी सोनंचांदी शुद्ध करायच्या धंद्याला, लय जणं भाईर पडली, पर मदुरैत भट्टी लावून सोनं गाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी न्हवता, ह्ये मी छातीवर हात ठेवून सांगतो. दागिना वितळायच्या आधीच नुसत्या रंगावरनं सांगायचा, ह्यात तांबं घातलंय का न्हाई. त्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय!

गावाकडं परत आला आन विट्याच्या डॉक्टरीणबाईंच्या तपासणीत बीपी निघाला. आमचा बा ह्याच बीपीनं लकवा मारून अंथरुणाला खिळला हुता. म्हणून जोतीराम रोज सकाळी न चुकता गोळी घ्यायचा.

एकदा दुकानात नेहमीची गोळी न्हवती. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली. "औषध त्येच हाय," म्हणला. जोतीरामानं घरी येऊन पट्टी उजेडाला धरली. आधीची गोळी गुलाबी, ही पांढरीफेक.

"रंग बदलला म्हंजी भेसळ," त्यो बायकोला, शालूबाईला म्हणला.

"आवं, डॉक्टरीणबाईस्नी इचारा की."

"आन ती त्या दुकानदाराला सामील असली म्हंजी?"

जुन्या पट्टीत एक गोळी उरली हुती. मदुरैवरनं आणलेली मूस, म्हंजी सोनं गाळायचं भांडं, त्यानं गॅसवर ठेवली. आधी गुलाबी गोळी टाकली, मग पांढरी. एक लगीच काळी पडली, दुसरी फुगून पिवळी झाली.

"बघ! दोघींची जात येगळी."

"आन चांगली म्हणत हुता ती बी जाळलीसा!" शालूबाई करवादली. "उद्या माझ्या हातचा चा बी मुशीत वतून बघा."

तिची कटकट नको म्हणून त्यो सकाळी तिच्या म्होरं गोळी तोंडात टाकायचा आन परसात जाऊन थुकायचा. सुरवातीला बरं बी वाटलं. मग तर संशय आणिक फुगला. गोळीबिगर चालतंय म्हंजी आजपतोर ह्यांनी लुटलंच की!

आन एक दिवस भाकरी खाता खाता त्याचं डोकं ठणकाया लागलं, घर गरगर फिराया लागलं. मी आन शालूबाईनं रिक्षात घालून त्याला विट्याला न्हेला. डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजला, परत मोजला.

"गोळ्या घेताय ना, काका?"

"घेतोय की."

"परसात पेरूच्या बुडात पडल्यात, बाई," शालूबाई म्हणली. "झाडताना घावल्या."

"नवऱ्यावर पाळत ठेवतीस व्हय गं?" जोतीराम खवळला.

पुरावा म्हणून दोन्ही पट्ट्या खिशात घेऊनच आला हुता. त्या त्यानं टेबलावर आपटल्या. बाईंनी शेजारी शेजारी मांडल्या. "कंपनीचं नाव सोडा. खालची बारीक अक्षरं वाचा."

सोन्याच्या बिस्किटावरचा छाप वाचणारा माणूस त्यो! त्यानं डोळं बारीक करून वाचलं. औषधाचं नाव त्येच, मिलिग्रॅमचा आकडा बी त्योच.

"रंग ज्या त्या कंपनीचा असतो. जाळून औषध कळत नाही, काका. संशय आला तर आधी मला विचारा, पण मनानं गोळी बंद करायची नाही. बीपी वाढला तरी कित्येकदा कळतसुद्धा नाही, तोच तर धोका."

"मग ऱ्हायलेल्या समद्या आता एकदम घिऊ?"

"अजिबात नाही! बीपी एकदम खाली जाईल. रोजची एकच."

बाईंनी एक गोळी तिथंच गिळायला लावली, संध्याकाळपतोर झोपवून ठेवला, बीपी उतराया लागला तवा घरी सोडला.

दुसऱ्या दिशी सकाळी डोकं अजून जडच हुतं. पांढरी गोळी तळहातावर घेऊन त्यो लय येळ बघत बसला. मग फोन लावला.

"बाई, डोकं जड हाय. खरं सांगा, हीच घ्यायची?"

"हीच. आणि बीपी मोजायला आजच या."

त्यानं गोळी टाकली, वर तांब्याभर पाणी प्याला आन परसाकडं निघाला. शालूबाई दारात आडवी उभी.

"तोंड उघडा. जीभ उचला."

"ल्हान प्वार हाय व्हय गं मी?"

"उचला म्हंते न्हवं!"

जोतीरामानं जीभ उचलली. तिनं वाकून नीट बघितलं, तवा कुठं दारातनं बाजूला झाली.