जमनीयाडीची सहा टिंबं

त्या शाळेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात एक बाई बसल्या होत्या. चुलीवर खिचडी रटरटत होती. बाईंच्या डाव्या हातात पळी होती, नजर पातेल्यावर होती, आणि उजवा हात मांडीवरच्या एका जाड पांढऱ्या कागदावरून सावकाश सरकत होता. कागद मला तरी कोरा दिसला. थोड्या वेळाने त्या स्वतःशीच हसल्या आणि त्यांनी पान उलटलं.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"अस्वलाची गोष्ट हाय," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं मोहाच्या झाडावर चढून राह्यलं."

त्या जमनी राठोड. वय पन्नाशीच्या पुढे. बोरी अरबहून आत आठ किलोमीटरवर हिरा नायकाचा तांडा आहे, तिथल्या शाळेत त्या पोषण आहार शिजवतात. मुलं त्यांना 'जमनीयाडी' म्हणतात. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. मी बोरी अरबच्या शाळेत पाचवीला शिकवतो. तांड्यावरचे संघदीप सर प्रशिक्षणाला गेले की शाळेला कुलूप लागतं, म्हणून त्या हिवाळ्यात मला पंधरा दिवस तिकडे पाठवलं होतं. त्या शाळेत शिक्षकांच्या जागा दोन. दुसऱ्या गुरुजींची बदली झाली त्याला तीन वर्षं होत आली होती आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. पहिली ते चौथी, सत्तावीस मुलं आणि एकटे संघदीप सर.

जमनीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. तांड्यावर शाळा सुरू झाली तेव्हा त्यांचं लग्न होऊन दोन मुलं झाली होती. मग या बाई डोळ्यांनी न बघता अस्वलाची गोष्ट कशी वाचतात, हे मला कळेना. त्या पंधरा दिवसांत मी त्यांना आणि मुलांना, आणि प्रशिक्षणाहून परतल्यावर संघदीप सरांना विचारून विचारून जे गोळा केलं, ते असं.

तांड्यावरच्याच देवसिंग राठोडची मुलगी उर्वशी जन्मापासून आंधळी. सरांनी तिला पहिलीत घेतलं, पहिल्या रांगेत बसवलं. ती ऐकून सगळं पाठ करायची. पाढे तर तिसरीच्या मुलांच्या आधी म्हणायची. पण बाकीची मुलं पाटी काढून लिहायला लागली की ती नुसती हात मांडीवर ठेवून बसायची. सरांना ते दिसायचं. ते तिच्याजवळ जाऊन बसले की इकडे पहिलीची मुलं उठून बाहेर पळायची.

उर्वशी दुसरीत गेली तेव्हा तिच्यासाठी ब्रेल पुस्तकांचं खोकं आलं. सुरभी मॅडम नावाच्या फिरत्या विशेष शिक्षिका आल्या, तिला ब्रेलची पाटी आणि कागदावर टिंबं उठवायचा टोचा दिला, दोन तास शिकवलं आणि पुढच्या शाळेला गेल्या. त्यांच्याकडे साठ शाळा होत्या, कारण त्यांच्या जोडीच्या शिक्षिकेची जागा रिकामी होती. त्या परत आल्या सहा आठवड्यांनी. तोवर उर्वशी सगळं विसरली होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं आणि पुन्हा तेच झालं.

सरांच्या कपाटात जागा नव्हती, म्हणून पुस्तकं स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली. एक दिवस तांदळाचा डबा काढताना जमनीबाईंचा हात एका उघड्या पानावर पडला.

"मले वाटलं, कोनं कागदावर टाके भरून ठेवले," त्यांनी मला सांगितलं. "आमच्या फेटिया घागऱ्यावर, कांचळीच्या चोळीवर भरतो ना, तसे. एक डाव हात फिरवला त समजलं, की हे उगाच नाही भरलं. तेच तेच ठिपके फिरून येत हायत."

त्या रोज स्वयंपाक झाल्यावर पान चाचपायच्या. अर्थ लागायचा नाही, पण कोणता ठिपक्यांचा गट किती वेळा येतो हे त्यांना पाठ झालं. सुरभी मॅडम पुढच्या खेपेला आल्या तेव्हा जमनीबाई त्यांच्यासमोर पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे टाके मोजले म्या. किती परकारचे असतेत?"

मॅडमनी सांगितलं, की एका अक्षराला सहा टिंबांची जागा असते, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. त्यातली कोणती उठलेली आहेत त्यावरून अक्षर ठरतं.

"सहाच?"

"सहाच."

"अन् एवढ्यात सगळं लिवता येते?"

"सगळं."

जमनीबाईंना हे खरं वाटेना. त्यांनी मॅडमना आपलं नाव टोचून मागितलं आणि तो कागद घरी नेला. 'म' आणि 'न' यांत एकाच टिंबाचा फरक आहे, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता संघदीप सरांना दाखवलं. सरांनी मॅडमनी दिलेला तक्ता काढला. सर तक्त्यात बघून सांगायचे, 'ब'ला पहिलं आणि दुसरं, 'क'ला पहिलं आणि तिसरं. आणि जमनीबाई लक्षात ठेवायच्या. जुन्या गणवेशाच्या निळ्या कापडाची त्यांनी लांब पट्टी कापली आणि तिच्यावर मणी शिवून मुळाक्षरं केली, एकेक अक्षर बोरासारख्या मोठ्या मण्यांचं. उर्वशी त्यांच्या शेजारी बसून ती पट्टी चाचपायची. आठवड्यात दोघींची सगळी अक्षरं झाली.

सुरभी मॅडम आल्या, त्यांनी पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "इ आणि ए उलटे झालेत."

जमनीबाईंनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. ती दोन अक्षरं कापडाच्या मागच्या बाजूने शिवताना आरशासारखी उलटी होऊन एकमेकांच्या जागी आली होती. मॅडमना मात्र त्यातून दुसरंच सुचलं. ब्रेल लिहिताना कागदाच्या मागून टोचायचं असतं, उजवीकडून डावीकडे, आणि कागद पलटून वाचायचं. हे उलटं लिहिणं उर्वशीला काही केल्या जमत नव्हतं. जमनीबाईंना समजावूनही सांगावं लागलं नाही. आयुष्यभर त्यांचा हात कापडाच्या पाठीमागेच चालला होता. त्यांनी उर्वशीचा हात धरला आणि लिहायला शिकवलं.

त्यानंतर वर्गात एक सोय झाली. सर शुद्धलेखन सांगायचे, सगळी मुलं लिहायची, उर्वशी टोचायची. तिचं तपासायला सरांना येत नव्हतं, आणि मॅडम येईपर्यंत थांबायचं तर चूक विसरून जायची. म्हणून खिचडी उतरवली की जमनीबाई वर्गात येऊन तो कागद मोठ्याने वाचून दाखवायच्या. चूक असली की उर्वशीलाच आधी कळायची आणि ती म्हणायची, "थांबा याडी, तिथं मी चुकली." तिसरीतल्या चार डोळस मुलींनी हट्ट करून ती अक्षरं शिकून घेतली, आणि एकमेकींना कागदावर टोचून काहीबाही कळवायला लागल्या, जे सरांना वाचता येत नव्हतं. सर सांगताना हसले, पण म्हणाले, "जिला कोणी खेळायला बोलवत नव्हतं, तिच्याभोवती आता पोरी असतात. हे मी एकट्यानं करू शकलो नसतो."

मी होतो ते दिवस कापूस वेचणीचे होते. तांड्यावरच्या बाया पहाटेच शेतात जायच्या. जमनीबाईही रविवारी जायच्या. बोंडाची टोकं लागून बोटं फाटतात, आणि फाटलेल्या बोटाला टिंब कळत नाही. त्यांनी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी बांधली होती आणि त्या उरलेल्या बोटांनी वेचायच्या. दुसऱ्या बाया त्यांना हसायच्या.

"काहून एवढं जपता?" मी विचारलं.

"सर, हे बोट वाचते. बाकीची नुसती कामाची हायत."

मार्चमध्ये नवसाक्षरांची परीक्षा झाली. जमनीबाईंना वाचता येतं एवढंच डोक्यात ठेवून संघदीप सरांनी त्यांचं नाव दिलं होतं, आणि योगायोगाने देखरेखीला मी होतो. प्रश्नपत्रिका वाटल्या. जमनीबाईंनी ती हातात घेतली, एकदा बोट फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, हा कागद त सपाट हाय."

गोष्टीची पुस्तकं वाचणाऱ्या, शुद्धलेखन तपासणाऱ्या बाई त्या कागदापुढे निरक्षर होत्या. त्यांनी हजेरीच्या कागदावर सहीच्या जागी अंगठा उठवला आणि शांतपणे बाहेर गेल्या. मी नंतर बाहेर गेलो तेव्हा त्या नळाखाली अंगठ्याची शाई धूत होत्या. राग होता, पण माझ्यावर नव्हता.

"डोळ्यावाली अक्षरंही शिकवा आता," त्या म्हणाल्या.

जूनपासून त्या सकाळी अर्धा तास पहिलीच्या मुलांबरोबर बसल्या. शब्द कसे जुळतात ते त्यांना आधीच ठाऊक होतं, नुसते आकार नवे होते. तरी एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. 'किती' लिहिताना वेलांटी आधी का काढायची? "बोलतानी क पह्यले येते, मंग इ. टिंबांतही तसंच हाय. मंग शाईत इ आधी काहून?" संघदीप सरांनी हे मला फोन करून विचारलं. मी वीस वर्षं मराठी शिकवतो आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढच्या वर्षी परीक्षेचा तो सपाट कागद त्यांनी पूर्ण सोडवला. त्याच वर्षी जूनमध्ये चौथी संपवून उर्वशी माझ्या वर्गात आली. ती बसने तांड्यावरच्या मुलींबरोबर येते. माझ्या शाळेतही ब्रेल कुणाला येत नाही. मला अक्षरं ओळखू येतात, पण एक पान वाचायला तास लागतो. त्यामुळे उर्वशीने दिवसभर टोचलेले कागद तिच्याबरोबर तांड्यावर जातात. जमनीबाई ते बोटांनी वाचतात आणि प्रत्येक ओळीखाली पेनाने लिहून पाठवतात, म्हणजे मला तपासता येतं. अक्षर मोठं आणि तिरकं आहे. उर्वशीच्या चुका त्या दुरुस्त करत नाहीत, जशाच्या तशा उतरवतात. एकदा मी याबद्दल कौतुक केलं तर उर्वशी म्हणाली, "याडी म्हणते, चूक तुझी हाय, मी काहून झाकू?"

तांड्यावरच्या शाळेतली दुसरी जागा अजून रिकामीच आहे. सुरभी मॅडमच्या शाळा आता बहात्तर झाल्यात.

मागच्या आठवड्यात विज्ञानाच्या उत्तरांखाली जमनीबाईंनी स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या होत्या. तांड्यावर पहिलीत एक नवी मुलगी आली आहे, तिला ऐकू येत नाही. "तिला पाणी दाखवलं तर समजते. पण काल आणि उद्या कसा दाखवायचा?"

मी त्याखाली लिहिलं, की मला माहीत नाही, सुरभी मॅडमना विचारतो. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. त्यावर लिहिलं होतं, "तोवर मी सूर्याकडे बोट करून पाहते. मग बोट एकदा मागे, एकदा पुढे. काय होते ते कळवते."