डोंगरापलीकडचं पाचवं यंत्र

लिंबिकानीची डॉक्टरेट खोटारड्यांना पकडण्यावर होती. माणसांना नव्हे, यंत्रांना! चिल्वा तलावाकाठच्या पाच गावांच्या दवाखान्यांत त्यानं पाच यंत्रं बसवली होती. टीव्हीचं कुठलं चॅनेल रिकामं आहे ते ती ऐकायची आणि त्या रिकाम्या जागेतून दवाखान्याचं इंटरनेट चालायचं. चॅनेलचा खरा मालक बोलू लागला की निमूट बाजूला व्हायचं, हा नियम. पण एखादं यंत्र उगाच 'मालक आला' म्हणून ओरडलं तर? लिंबिकानीचा तोडगा सोपा: चौघांपेक्षा वेगळं बोलेल तो लबाड, त्याला तोडा.

पाचवं यंत्र रोज संध्याकाळी वेगळं बोलायचं. त्याची राखण मायी नासिबेकोकडे. त्या दवाखान्याची झाडलोट तीच करायची, किल्लीही तिच्याच कमरेला. आंब्याखाली भरलेल्या सभेत लिंबिकानीनं मुखियांना सांगून टाकलं, "हिनं डबा उघडून तारा हलवल्यात."

"अरे, मी त्याला फडकंसुद्धा लावत नाही, शॉक बसेल म्हणून!" मायी म्हणाली. पण शिकलेल्यापुढे तिचं कोण ऐकतंय? किल्ली गेली, काम गेलं, नाव गेलं ते वेगळंच. पठ्ठ्यानं त्यावर शोधनिबंधही छापून आणला.

आठ महिन्यांनी तो डबा काढून न्यायला आला, तर डोंगरामागच्या त्या पाचव्या गावात न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर पोर्तुगीजमध्ये फुटबॉल चाललेलं. सीमेपलीकडचा, मोझांबिकचा टीव्ही मनोरा! पाचवं यंत्र ज्यावर ओरडायचं, चॅनेल तेच. बाकीची चार गावं डोंगराच्या अलीकडे, तिथल्या यंत्रांना तो ऐकूच येत नव्हता. पाचांत खरं बोलणारं एकच होतं. लिंबिकानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाही शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी कळलं असतं की!

रिवाजाप्रमाणे कोंबडी काखेत मारून तो मायीच्या दारी गेला आणि जमिनीवर बसला.

"चुकलो, मायी. तुम्ही काही केलं नव्हतं."

"लबाड ठरवलंस गावासमोर, आणि माफी मागतोस चुलीपाशी?" मक्याच्या पिठाची न्सिमा घोटता घोटता ती म्हणाली. "कोंबडी राहू दे. उद्या आंब्याखाली सांग, मग कापू."

दुसऱ्या दिवशी सगळा गाव जमला. मुखियांनी विचारलं, "मग डॉक्टर, चूक कुणाची?"

 निबंध, पदवी, विद्यापीठातला मान, सगळं लिंबिकानीच्या डोळ्यांपुढून गेलं.

"यंत्रात बिघाड होता," तो म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुखियांनी मायीला किल्ली परत दिली, तिनं ती कमरेला खोचली. मग घरी जाऊन तिनं पाय बांधलेली कोंबडी आणली आणि त्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली.

"ने बाबा परत. किल्ली मुखियांनी दिली. तू काहीच दिलं नाहीस."

झोंबा शहर येईपर्यंत कोंबडी मागे ओरडत होती. वाटेत गाडी थांबवून तिला सोडून द्यायचंही त्याला धाडस झालं नाही.