चौदा नंबर: उणे दीड

वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, तेव्हा आपोआप वाजणारी घंटा, विहिरीतला आवाज वगैरे बातम्या मीच कापायचे. "दुसरा स्रोत?" एवढंच विचारायचे. तो कधीच नसायचा. आज जे लिहितेय त्यालाही दुसरा स्रोत नाही... एक स्क्रीनशॉट आहे, तोही माझाच.

डेस्क बंद झाल्यावर मी बारामतीत एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले. काम होतं इंदापूर तालुक्यातलं, बावड्याजवळच्या एका पाणीवापर संस्थेच्या उपसा सिंचन योजनेचं. चोवीस व्हॉल्व्ह, पाळीनुसार मोटारीने आपोआप उघडायचे. पण दर चाचणीला खरं पाणी सोडता येत नाही. म्हणून कंप्युटरमध्येच खोटे व्हॉल्व्ह तयार करतात, त्यांना आम्ही मॉक म्हणतो. 'उघड' म्हटल्यावर कोणत्या व्हॉल्व्हने काय उत्तर द्यायचं, ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मॉक तेवढंच बोलतो. त्याच्यामागे ना पाइप असतो, ना पाणी, ना इंटरनेट.

ही उत्तरं लिहिण्यासाठी मी योजनेच्या पाटकऱ्यांना, तात्यांना, फोन केला. बावीस वर्षं ते हातानं पाणी सोडत होते.

"तात्या, व्हॉल्व्ह किती आट्यांत पूर्ण उघडतो?"

"बारा."

"सगळे?"

"सगळे बाराच, म्याडम. पन त्यातला—"

मला दुसरा कॉल येत होता. थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि चोवीस ठिकाणी १२ लिहिलं.

योजना ताब्यात देण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनला, एक चाचणी फेल झाली. व्हॉल्व्ह १४. अपेक्षित १२, मिळालं उणे १.५. फाइल उघडली. तिथे १२च होतं. पुन्हा चालवली — उणे दीड. तिसऱ्यांदाही तेच. शेजारच्या नीलेशने त्याच्या मशीनवर तीच फाइल चालवली. पास.

"ताई, लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधा," तो म्हणाला. "नाहीतर ती टेस्टच काढून टाका. उद्या संस्थेचे चेअरमन येणारेत."

मी स्क्रीनशॉट घेतला आणि टेस्ट काढून टाकली. रिपोर्ट निघाला: २३ पैकी २३ पास.

तीन आठवड्यांनी चौदा नंबरच्या व्हॉल्व्हचा दांडा तुटला. खालच्या अंगाच्या शेतांची पाळी हुकली, काकडी-टोमॅटो उभे वाळले. दांड्यावर पान्ह्याचे वण होते. तात्यांचं काम मोटारीने घेतलं होतं, त्या रागात त्यांनीच हात घातला, असं ठरू लागलं. संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. रिपोर्टसह मलाही बोलावलं होतं.

चेअरमननी रिपोर्ट वर धरला. "तात्या, हितं छापलंय, सगळ्या चाचन्या पास. मग मोडला कुनी?"

"चाचनी घेतली तवा वॉलपाशी कोन आलं व्हतं? मला तर कोन दिसलं न्हाय."

"कंप्युटरला चिखलात उतरावं लागत न्हाय, तात्या," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"म्हनून तर मोडला. चौदा नंबर सरळ उघडत न्हाय. आधी दीड आटा माघारी घ्यायचा, मग फुडं. बावीस वर्सं पान्ह्यानं तसंच करतोय, ते वण त्याचंच हायेत. म्याडमना फोनवर सांगत व्हतो..."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम, रिपोर्ट बरोबर हाय न्हवं?" चेअरमन म्हणाले.

स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये होता.

"हो," मी म्हणाले.

चोवीस व्हॉल्व्हना तेवीस चाचण्या कशा, हे कुणी मोजलं नाही. ठराव झाला: तात्यांनी जाणूनबुजून नुकसान केलं, त्यांना योजनेच्या कुठल्याही कामावर घेऊ नये. बाहेर चपला घालताना ते मला म्हणाले, "च्या घिऊन जावा म्याडम. लांबनं आलाय."

ती चाचणी मी नंतर परत घातली. कितीदा चालवली, मोजलं नाही. दर वेळी बारा, पास. दीड आट्याची गोष्ट मला त्या बैठकीत पहिल्यांदा कळली. ती माझ्या हाताने लिहिलेल्या खोट्या व्हॉल्व्हला आधी कशी ठाऊक होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दांडा बदलला. खोड मात्र गेली नाही, म्हणून कोडमध्ये मीच एक ओळ वाढवली: चौदा नंबर, आधी उणे दीड, मग बारा. आता तो नीट उघडतो. तात्यांच्या नावाचा ठराव अजून तसाच आहे.