कोरलच्या खोलीतला गारवा

यवतमाळात बसून समुद्र पाळणं हे शहाण्या माणसाचं काम नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मुलगा शिकायला बाहेर गेला, त्याची रिकामी खोली खायला उठायची, म्हणून मी तिथे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या बाया म्हणायच्या, "खारंच पाणी पाह्यजे तं आमच्या बोअरचं न्या ना!" मी वरवर हसायचे आणि मनातून फुगायचे. अख्ख्या कॉलनीत असलं काही कोणाकडे नव्हतं.

त्याच खोलीत मागच्या दिवाळीनंतर बाबा राहायला आले. आई गेल्यापासून ते राळेगावकडच्या आमच्या गावात एकटेच होते. मी एकुलती एक. "लेकीच्या घरी किती दिवस राहाचं बाई, बरं नाही दिसत," हे त्यांचं पालुपद. शेत बटईने लावून, भांडूनतंडून मी त्यांना घेऊन आले. एसी घरात तेवढ्याच एका खोलीत, म्हणून तीच त्यांना दिली. पोरीने बापाला सांभाळलं म्हणून चार लोकांनी कौतुक केलं, आणि मी ते गोड मानून घेतलं.

बाबांना टाकीचं भारी नवल. "हे झाड हाय का गोटा?" कोरलकडे, म्हणजे टाकीतल्या प्रवाळाकडे, बोट दाखवून त्यांनी विचारलं होतं.

"जनावर हाय, बाबा."

"जनावर हाय तं खाते काय?"

मग मी त्यांच्यासमोर खाऊ घातलं. तेव्हापासून पलंगावर मांडी घालून ते तासन्‌तास टाकी पाहत बसायचे. गोठ्यातल्या गाईची करावी तशी माशांची चौकशी करायचे.

मे महिन्यात मला दुर्बुद्धी सुचली. टाकीतल्या खडकाचा एक कोपरा उघडा दिसायचा, तो माझ्या डोळ्यांत सलत होता. त्यासाठी मी नाजूक जातीची नवी कोरल आणि दोन पिवळेजर्द मासे मागवले. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. विकणारासुद्धा फोनवर म्हणाला, "मॅडम, पावसाळा लागू द्या." मी कोणाचं ऐकते? थर्माकोलचं खोकं नागपूरला आलं, तिथून नवरा ते मांडीवर घेऊन ट्रॅव्हल्सने आला. खोक्यातल्या पिशव्या आधी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. आमचं औषधांचं दुकान, तेव्हा तिथलाच सलाइनचा नवा सेट आणून टाकीचं पाणी माशांच्या बादलीत थेंबथेंब सोडलं, म्हणजे नव्या पाण्याची सवय व्हावी. बाबा वाकून पाहत म्हणाले, "माशाईले सलाइन लावली का वं?" आम्ही सगळेच हसलो. कोरल औषधाच्या पाण्यात बुचकळून घेतली आणि खडकाला चिकटवली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर नवी कोरल मिटून बसलेली. जुन्यांना थोडी ऊब चालून जायची. ह्यांना नाही. खोली सारखी एकाच गारव्याला राहायला हवी. आणि बाबा म्हातारे माणूस. कधी पाण्याला उठायचे, कधी संडासला, कधी उगीच अंगणात डोकवायचे, दार अर्धवट लोटलेलं. दर वेळी टाकीवरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहून माझा जीव खालीवर. शेवटी त्या दुपारी तोंडातून निघालंच, "बाबा, घडीघडी दार काहून उघडून राह्यले? सारा गारवा जाते ना! मरतीन ते!"

बाबा दाराच्या मुठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. "हो बाई," म्हणाले, "मुक्या जनावराचं पाहाच लागते."

संध्याकाळी दुकानातून आले तर त्यांची गादी हॉलमध्ये, कूलरपुढे. "मले नाही सोसत तो एसी. गुडघे धरतात," त्यांनी सांगितलं. मी ते खरं मानलं. खरं म्हणजे मला ते खरं मानायचंच होतं. हिवाळ्यानंतर एसी चालू केला तेव्हापासून ह्या माणसाने गुडघ्याचं नाव काढलं नव्हतं, हे मला आठवत होतं आणि मी ते आठवू दिलं नाही.

दार बंद राहू लागलं आणि कोरल उमलली. काय रंग! मी फोटो काढून ग्रुपवर टाकले, वाहवा घेतली. दुपारी जेवण झालं की बाबा छत्री उघडून निघायचे, "पासबुकात एन्ट्री करून येतो." रोज कसली एन्ट्री, असं एकदा नवरा म्हणाला. मी म्हटलं, विरंगुळा आहे त्यांचा, जाऊ द्या.

एक दिवस नवरा बाहेरगावी होता, म्हणून दुकानाचा भरणा करायला मीच बँकेत गेले. काचेचं दार ढकललं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बाबा दिसले. बरोबर एसीखाली. टोपी मांडीवर, छत्री दोन गुडघ्यांमध्ये, तोंड थोडं उघडं. बसल्या बसल्या गाढ झोपलेले.

मी जवळ गेले तसा वॉचमन हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, झोपू द्या बाबाले. रोज येतात दुपारचे. घरी कोनी नसन बिचाऱ्याचं."

त्याच्या बोलण्याने बाबा जागे झाले. मला पाहिलं. घाईघाईने टोपी चढवली आणि वॉचमनला म्हणाले, "ह्या आमच्या ओळखीच्या हायेत. मेडिकल हाय ह्याईचं."

माझ्या बापाने मला अहोजाहो केलं. जन्मात पहिल्यांदा. अंगावर कोणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. आणि त्याहून लाजेची गोष्ट अशी की मी मान हलवली. ओळखीची आहे म्हणून हलवली. भरण्याची पिशवी घेऊन खिडकीपर्यंत गेलेसुद्धा. मग तिथूनच वळले. परत येऊन मी मोठ्याने म्हटलं, "मी मुलगी आहे यांची." वॉचमनने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "असं का," म्हणाला आणि दाराकडे गेला.

भरणा तसाच ठेवून मी बाबांना ऑटोत बसवलं. ते माझ्यावर नाराज होते. "तुले कायले सांगाचं होतं ते? काय समजला असन तो तुले?"

"समजू द्या. बाबा, आजपासून आत झोपा तुम्ही. दार उघडं राह्यलं तं राह्यलं."

"नाही नाही. नवीन जीव हायेत ते, आत्ता कुठं लागले. त्याईचं कायले बिघडवतं?"

मी त्यांचा हात धरला. तो अजून बँकेतल्या हवेने गार होता. ते बाहेर, तापलेल्या रस्त्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळले. रागावून नाही, टोचून नाही, खरंच अडचण पडल्यासारखं त्यांनी विचारलं,

"आता त्या बँकेत तं जाता येत नाही. दुपारचं कुठं बसत जाऊ मी?"