दाराखालची फट

भट्टीवर त्याला सगळे भडकूमामा म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतः कमावलं होतं. फिरत्या भट्टीत तांबडी खनिजमाती कोळशाबरोबर तापायची. कोळशाचा वायू तिच्यातला प्राणवायू ओढून घ्यायचा, तेव्हा कुठे निकेल आणि लोखंड मोकळं व्हायचं. मध्येच बाहेरची हवा शिरली, की सगळ्या मेहनतीची माती. म्हणून एकही फट राहू न देणं हे त्याचं काम. फट दिसली की तो न जळणारी जाड दोरी कोंबायचा आणि ज्याच्या पाळीत ती राहिली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

घरी येऊनही हा माणूस भट्टीवरच असायचा. थंडीत लेक बाळंतपणाला आली, बाळ झालं, खोलीत कोळशाची शेगडी आली आणि मामाला दाराखालची फट खुपू लागली. त्याने तीच दोरी आणून ठोकली. बायकोने उपटली. त्याने पुन्हा ठोकली. ती म्हणायची, जीव गुदमरतो. तो म्हणायचा, मला हवा शिकवू नकोस.

एका दुपारी ती बाजारात गेली आणि लेक पेटत्या शेगडीजवळ बाळाला घेऊन झोपली. मामाने दोरी ठोकली, खिडकीच्या कडाही बुजवल्या आणि अंगणात चहा पीत बसला. भट्टीवर कोळशाचा तो विषारी वायू सुटला की घंटा वाजते, माणसं पळतात. अर्धं आयुष्य त्याने ती घंटा ऐकली होती. घरात घंटा नाही, एवढं साधं त्याच्या टाळक्यात शिरू नये, याचा संताप येतो.

बायको परतली. बाळाची दुधाची वेळ टळली तरी आत सामसूम. हाकेला ओ नाही, दोरीने घट्ट बसलेलं दार हलेना. तिने त्याचीच हातोडी उचलून खिडकीची काच फोडली. त्याने लाथ घालून दार उघडलं. लेक भिंतीशी डोकं धरून बसलेली, बाळ निपचित. अंगणात आणल्यावरही बराच वेळ काही नाही. मग ते रडलं.

दवाखान्यातून लेक आणि बाळ सुखरूप परतली, तेव्हा बायको म्हणाली, "तिथं धातू राहतो. इथं आपण राहतो."

ती ओरडेल म्हणून तो तयार होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. तो उठला आणि दारच उतरवून भिंतीला टेकवलं. थंडी सरळ आत आली.

"बाबा, दार लावा," लेक बाळाला गुंडाळत म्हणाली. "फक्त दोरी नको."

दार परत बसवण्याआधी त्याने ते खालून चार बोटं कापलं, आणि करवत थांबेपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होता.